बैठी शीतपेटी

बाळीवेशीतल्या नागरिक सेवा क्लबाचा फळा चौकातल्या कडुलिंबाला टांगलेला असतो. डाव्या बाजूला 'क्लब वार्ता', उजव्या बाजूला 'आगामी उपक्रम'. दोन्ही रकाने खडूनं भरायचं काम सेक्रेटरी गुरुशांत यांच्याकडे. हायस्कुलात तेहतीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाचं अक्षर चांगलं असायचंच, त्याचं त्यांना काही नव्हतं. उजवीकडे लिहिलेली गोष्ट आज ना उद्या डावीकडे जातेच, ह्याचा मात्र भारी अभिमान. चष्मेवाटप लिहिलं की चष्मे वाटले जायचे, मग ते कुणाच्या डोळ्यांना लागोत न लागोत. गावात संस्था शंभर, पण बोललेलं करणाऱ्या किती, असं ते भेटेल त्याला विचारत, आणि भेटलेला माणूस नेमका घाईत असे.

मार्च महिन्यात उजव्या बाजूला ओळ लागली: 'मृतदेह शीतपेटीचे लोकार्पण. रविवार, सकाळी दहा. अल्पोपाहार.' अल्पोपाहार हा शब्द त्या ओळीत नको होता, असं त्यांच्या पत्नी महेश्वरीबाईंचं म्हणणं पडलं. गुरुशांतांचं म्हणणं, उपक्रम कसलाही असो, अल्पोपाहार लिहिल्याशिवाय सोलापुरात माणूस खुर्चीवर येऊन बसत नाही. दोघांचंही बरोबर होतं.

कल्पना अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे बसप्पा, वय एक्याऐंशी, एके काळचे चादरींचे व्यापारी. दोन वर्षांपूर्वी भर मे महिन्यात त्यांची बायको गेली. एकुलता मुलगा गुरुराज कॅनडात. चव्वेचाळीस डिग्रीत गेलेलं माणूस ठेवणार किती वेळ? बर्फाच्या लाद्या आणल्या, त्यांचं तासाभरात पाणी झालं, ते पाणी दारातून गल्लीत आलं, आणि संध्याकाळच्या आत माती द्यावी लागली. गुरुराज तिसऱ्या दिवशी पोचला तेव्हा त्याला दाखवायला ओली माती तेवढी होती. बसप्पांनी मुलाला कधी दोष दिला नाही. सगळा दोष त्यांनी सोलापूरच्या उन्हाला दिला.

"माझ्या वेळेला पोरानं माझं तोंड बघितलं पाहिजे, गुरुशांता," ते म्हणाले होते. "तेवढं तू बघ."

"बघतो की, आप्पा," असं गुरुशांत म्हणून बसले.

पेटी आली. स्टीलची, चकचकीत, वर काचेचं झाकण, खाली चाकं. फीत कापायला पाहुणा मिळेना. एकाला ऐन वेळी ताप आला, दुसऱ्याच्या बायकोनं विषय कळताच फोन ठेवून दिला. शेवटी बसप्पांनीच कापली. गुरुशांत भाषणाला उभे राहिले, 'समाजाच्या अंतिम गरजेपर्यंत आपला क्लब पोचला आहे' इथपर्यंत आले, आणि समोरच्या पायरीवरून गौरम्मांचा आवाज आला. गौरम्मा कडक भाकरी करून विकतात आणि गल्लीतल्या प्रत्येक कार्यक्रमाला आपल्या पायरीवरूनच हजर असतात.

"अय्यो गुरुशांतअण्णा, ह्यात आडवं कोण पडणार हाय?"

"म्हणजे?"

"आपली माणसं बसून जात्यात की. ह्यात बसवायचं कसं?"

सभेतल्या माना पेटीकडे वळल्या. क्लबात सतरा सभासद. सतराही लिंगायत. प्रत्येकानं आयुष्यात पंचवीसतीस तरी मयतींना खांदा दिलेला. लिंगायतांत माणूस गेला की अंग ताठायच्या आत त्याला आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. बसवूनच फुलांच्या पालखीतून रुद्रभूमीला नेतात आणि बसवूनच माती देतात. हे बाळीवेशीत शेंबड्या पोराला ठाऊक. तरीही सतरा जणांनी तीन बैठका घेऊन, कॅटलॉग चाळून, आडव्या माणसाची पेटी एकमतानं मंजूर केली होती. एक तर कॅटलॉगात फोटोच तसा होता. दुसरं म्हणजे सेवा ही नेहमी दुसऱ्या कुणाची तरी करायची असते अशी सतराही जणांची पक्की समजूत. बसप्पांच्या तरी लक्षात यायला हवं होतं, पण ते गारव्याच्या मागे लागलेले. आत हात घालून 'गार हाय, गार हाय' एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

"मी तेव्हाच म्हणालो होतो," उपाध्यक्ष इरण्णा म्हणाले. इरण्णांना गेली अकरा वर्षं सेक्रेटरी व्हायचं आहे. ते तेव्हा काहीही म्हणाले नव्हते. ठरावाला अनुमोदन त्यांचंच होतं, इतिवृत्तात सही आहे. पण इतिवृत्त वाचतो कोण? सगळ्यांनी गुरुशांतांकडे पाहिलं आणि उपम्याच्या प्लेटी उचलल्या.

ती पेटी पूर्व भागातल्या एका विणकर मंडळाला देऊन टाकली. त्यांनी तेलुगूत आणि मराठीत आभार मानले, चौथ्याच दिवशी पेटी कामालाही आली, आणि त्यांच्या फळ्यावर तशी बातमी लागली. ती वाचून गुरुशांत दोन दिवस नीट जेवले नाहीत. आपला उपक्रम दुसऱ्याच्या फळ्यावर पुरा व्हावा, हे दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग त्यांना दस्तगीरभाई सापडला. विजापूर वेशीत रसवंत्यांना आणि कोल्ड्रिंकच्या दुकानांना उभे, काचेच्या दाराचे फ्रीज बनवून देणारा माणूस. हातात कसब, तोंडात सुपारी. गुरुशांतांनी सगळं समजावून सांगितलं. दस्तगीरभाईनं सुपारी गालात सरकवली.

"मतलब, बैठा हुआ आदमी रखना."

"हो."

"जिंदा?"

"नाही हो!"

"फिर टेन्शन नई. जिंदा रहता तो हवा का लफडा रहता. माप किसका लेना?"

गुरुशांतांनी ह्याचा विचारच केला नव्हता. बसप्पा मात्र चप्पल काढून दुकानातल्या फळीवर चढले आणि मांडी घालून, पाठ सरळ करून बसले. "माझं घे."

दस्तगीरभाई टेप घेऊन जवळ गेला, गुडघ्यापाशी लावला आणि थांबला. "चच्चा, दुसरे किसी का लेंगे क्या?"

"घे रे. नवरदेवाचं माप शिंपी घेतोच की. आनि जरा सैल ठेव."

"सैल नक्को, चच्चा. आदमी बाद में बारीक होताय."

पेटी झाली. चांगली पाच फूट उंच, पांढरीशुभ्र, आत मऊ गादीची बैठक, मानेला आधार, डोक्यावर लहानसा दिवा, बाहेर तापमानाचा आकडा. काम नंबर एक. फक्त काचेचं दार बंद पडलेल्या एका दुकानातून आणलेलं होतं, आणि त्यावरची 'मलई लस्सी' ही अक्षरं कितीही खरवडली तरी उन्हाची तिरीप पडली की वर येत.

इरण्णांनी मुद्दा काढला की लस्सीच्या दाराची पेटी ऐन वेळी दगा देणार, शिवाय कचेरीच्या परवानगीशिवाय असली पेटी वापरणं बेकायदा. कुठली कचेरी ते सांगत नाही, कारण गुरुशांतांना पुन्हा तिथंच जायचं आहे. बसप्पांना सोबत घेऊन ते गेले. टेबलामागच्या माणसानं छापील अर्ज पुढं ओढला.

"पेटीची लांबी?"

"लांबी नाही. उंची पाच फूट."

"उंचीचा रकाना नाही."

"अहो, पण ती उभी आहे."

"मग आडवी करून मोजा."

"आडवी केली तर आतला माणूस पडेल."

"सध्या आत माणूस आहे?"

"नाही."

"मग अडचण काय?"

तेहतीस वर्षं त्यांनी स्वतःच टेबलाच्या त्या बाजूला बसून लोकांना हेच ऐकवलं होतं, त्यामुळे वादाची ताकद लवकर संपली. लांबी पाच फूट लिहिली. मग त्या माणसानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. लोकोपयोगी साधन असल्यामुळे किमान एका लाभार्थीची सही लागणार होती.

"लाभार्थी सही कशी करील?" गुरुशांत म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही बघा. सहीशिवाय पुढं जात नाही."

बसप्पांनी पेन मागून घेतलं. पूर्ण नाव लिहून सही केली. टेबलामागच्या माणसानं प्रथमच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"आजोबा, लाभ कधी घेणार? तारीख लागते."

"लवकरच घेतो की," बसप्पा म्हणाले. "तुमी अंदाजे लिवा."

पेटी ठेवायची कुठं? क्लबाला खोली नाही. बसप्पा म्हणाले, माझ्याकडे ठेवली तर पोरगा व्हिडिओ कॉलवर बघेल आणि उगीच घाबरेल. म्हणून ती गुरुशांतांच्या बाहेरच्या खोलीत आली. महेश्वरीबाईंनी त्या दिवशी बाहेरच्या खोलीतले देवाचे फोटो तेवढे आत नेले.

सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, तोंड दक्षिणेला नको. कुणी म्हणालं, दक्षिणेलाच पाहिजे. गौरम्मांनी सांगितलं, रिकामी ठेवू नका, रिकामं भांडं मागून घेतं. तेव्हा बैठकीवर एक कलिंगड ठेवण्यात आलं. ते काचेतून इतकं माणसासारखं दिसे की महेश्वरीबाई रात्री तिकडे न बघता दाराची कडी लावत. गल्लीतली पोरं येऊन लस्सी मागत. मैंदर्गीचे साडू उन्हातून आले, गार पाणी शोधत दार उघडून बघितलं आणि म्हणाले, "बसायला गादी कशाला हो?" गुरुशांतांनी मोठ्या हौसेनं माहिती दिली. साडूंनी मग त्या घरात पाणीसुद्धा घेतलं नाही आणि दुपारच्याच एसटीनं परतले.

आणि फळ्यावर उजव्या बाजूला ओळ तशीच: 'बैठ्या शीतपेटीची सेवा सुरू होत आहे.' एप्रिल सरला. येता-जाता लोक विचारू लागले, "काय सेक्रेटरी, झाली का सुरू?" ह्याला काय उत्तर द्यायचं? उपक्रम यशस्वी व्हावा म्हणून प्रार्थना तरी कशी करायची? गल्लीत कुणी खोकलं तरी गुरुशांतांचे कान टवकारत, आणि मग त्यांची त्यांनाच शरम वाटे.

दस्तगीरभाईनं बजावलं होतं की रोज दोन तास मशीन चालवा, नाहीतर खराब होईल. तर दुपारी बारा ते दोन ती चालू. आणि बारा वाजले की बसप्पा काठी टेकत हजर. कलिंगड उचलून बाजूला ठेवत, आत मांडी घालून बसत, दार उघडं ठेवून पेपर वाचत.

"आप्पा, बाहेर खुर्चीवर बसा की," पहिल्या दिवशी गुरुशांत कळवळून म्हणाले.

"गार वाटतंय रे. बाहेर भाजून निघालंय नुसतं."

महेश्वरीबाईंना आधी घाम फुटला. आठवड्यानं त्या बसप्पांना तिथंच ताकाचा पेला नेऊन देऊ लागल्या. माणूस कशालाही सरावतो. एकदा बसप्पा आत असतानाच गुरुराजचा फोन आला. "आप्पा, मागं ते पांढरं काय आहे?" त्यानं विचारलं. "नवीन एसी घेतलाय," बसप्पांनी सांगितलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ पेपर उलटा धरून बसले. मग म्हणाले, "चार मिनिटं बोलला आज. कामात असतोय बिचारा. पण येईल बघ. आईच्या वेळेला किती रडला होता, तुला आठवतंय की."

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी बारा वाजून गेले, बसप्पा आले नाहीत. साडेबाराला गुरुशांत बघायला गेले. बसप्पा आपल्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेले होते, काठी मांडीवर, तोंड रस्त्याकडे. हाक मारली, हात लावला, आणि गुरुशांत तिथंच खाली फरशीवर बसले. क्लब, फळा, पेटी, त्यांना काही काही आठवलं नाही. लहान पोरासारखे ते रडले.

पण रडायला वेळ कमी होता. अंग ताठायच्या आत सगळं व्हायला हवं. विधीला जंगमस्वामी आले, आंघोळ झाली, विभूती लावली, हातात इष्टलिंग दिलं. दस्तगीरभाई टेम्पो घेऊन आला आणि पेटी बसप्पांच्या घरात दाराकडं तोंड करून लागली. बसप्पा आत बसले ते असे नेमके, की दस्तगीरभाईनं तोंड फिरवून डोळे पुसले. माप चुकलं नव्हतं.

गुरुराजला फोन लावला. तो ओक्साबोक्शी रडला. "मी निघतो काका. बुधवारी रात्री पोचतो. तोवर राहतील ना आप्पा?"

"राहतील. तू सावकाश ये," गुरुशांत म्हणाले.

पेटीनं काय काम केलं म्हणून सांगावं! बाहेर चव्वेचाळीस, आत चार. दोनदा लाइट गेली, दोनदा जनरेटर लागला, आकडा हलला नाही. कुंभार वेशीपासून माणसं आली. निम्मी बसप्पांना बघायला, निम्मी पेटी बघायला. आत बसप्पा विभूतीच्या पट्ट्यांत, डोळे किंचित उघडे, आता उठून बोलतील असे. इरण्णा दर तासाला येऊन आकडा बघत आणि हिरमुसून जात. मंगळवारी सकाळी गुरुशांतांनी फळ्यावर उजवीकडची ओळ पुसून डावीकडे लिहिली. लिहिताना हात जड होता, हे खरं. पण अक्षर एकही वाकडं आलं नाही, हेही खरं.

मंगळवारी संध्याकाळी गुरुराजचा फोन आला. बुधवार जमत नाही, शुक्रवार होईल. मग त्यानं जरा थांबून विचारलं, "काका, ती पेटी किती दिवस चालते हो?"

इथं गुरुशांतांनी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. दोन महिने सगळ्या गावानं ज्या पेटीला हसून घेतलं, तिच्याबद्दल कॅनडातून कुणी आस्थेनं विचारत होतं. त्यांची छाती फुगली. "किती दिवस? अरे, पंधरा दिवस ठेव! दस्तगीरभाई म्हणतो महिना काढेल. साधीसुधी पेटी नाही ही. आकडा चारच्या वर गेला नाही अजून!"

"बरं झालं काका," गुरुराज म्हणाला. त्याच्या आवाजातली घाई गेलेली गुरुशांतांना ऐकू आली, पण तेव्हा कळली नाही.

रिवाज असा की माणूस घरातून उठेपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही. सोमवारी कुणी पेटवली नाही. मंगळवारी लोकांनी दारं लावून उपमा केला आणि फोडणीचा वास येऊ नये म्हणून फोडणीच दिली नाही. बुधवारी फोडणीचा वास आला आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. भजनी मंडळाचे गळे बसले. जंगमस्वामींना वेळापूरला कार्य होतं, ते दोनदा घड्याळ बघून गेले. शेजारच्या घरात दोन पोरांचा वाढदिवस मुक्यानं झाला. लोक येताना हात जोडत होते ते आता नुसते डोकावून पुढं जाऊ लागले. काचेआड बसप्पा दाराकडं बघत बसलेलेच.

गुरुवारी सकाळी फोन आला तेव्हा महेश्वरीबाई शेजारी उभ्या होत्या. गुरुराज मोकळ्या आवाजात बोलत होता. "काका, इथं नवीन घराचा ताबा सोमवारी मिळतोय, सह्या मलाच कराव्या लागतात. पेटी चांगली आहे म्हणालात ना, तर मी पुढच्या बुधवारी येतो. आप्पांना तसाही आता काही त्रास नाही. नाही का?"

फोन बंद झाला.

पूर्वी ऊन होतं. उन्हाच्या धाकानं पोरगा तिसऱ्या दिवशी तरी धावत आला होता. आता धाकच उरला नव्हता. तो काढून टाकायला तीन बैठका, दस्तगीरभाईचं कसब आणि गुरुशांतांची एक फुशारकी लागली होती. पेटीनं बसप्पांना पोरासाठी थांबवलं नव्हतं, पोरालाच थांबायची सोय करून दिली होती.

"अहो," महेश्वरीबाई हळूच म्हणाल्या, "त्यांना उठवा आता. जिवंतपणी बसले, मेल्यावरही बसवलंत. माणसानं किती दिवस बसून वाट बघायची?"

बाहेर ओसरीवर माणसं होती. इरण्णा होते, गौरम्मा होत्या. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत कुंभार वेशीपर्यंत गेलं असतं, की बसप्पाचा पोरगा घराच्या चाव्या घ्यायच्या म्हणून बापाच्या मातीला आला नाही. ज्या माणसानं दोन वर्षं सगळा दोष उन्हावर ढकलला, त्याला ते कसं सोसलं असतं?

गुरुशांत पेटीच्या मागे गेले. मशीन झकास घुमत होतं. आकडा चार. जनरेटरची दोरी नीट गुंडाळून ठेवलेली. त्यांनी प्लगाची पिन धरली, घट्ट होती, दोन्ही हातांनी ओढून काढली. आतला दिवा विझला. मग ते पुढं आले, बाहेर ओसरीवर गेले आणि घसा साफ करून म्हणाले, "पेटी बिघडली."

"काय?" इरण्णा उभेच राहिले.

"बंद पडली. आता ठेवता येणार नाही. आजच उचलायला लागतंय."

"आनि गुरुराज?" गौरम्मांनी विचारलं.

"तो निघाला होता हो. तिकीट हातात होतं. पेटीनं दगा दिला."

"मी तेव्हाच म्हणालो होतो!" इरण्णांचा चेहरा उजळला, आणि ह्या वेळी ते खरोखरच म्हणाले होते. "बोलवा त्या दस्तगीरला! लस्सीचं दार लावून माणसं ठेवायला निघाले!"

दस्तगीरभाई हत्यारांची पिशवी घेऊन धावत आला. रागानं लालबुंद झालेला. त्याच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तो थेट पेटीमागे शिरला, गुडघ्यावर बसला. फरशीवर पिन पडलेली होती. त्यानं ती उचलली, तिच्याकडे बघितलं, मग मान वर करून गुरुशांतांकडे बघितलं. गुरुशांतांचे दोन्ही हात जोडलेले होते.

मग त्यानं पिन खाली ठेवून पायानं आत सरकवली, पिशवीतला पाना काढून दोनदा उगीच लोखंडावर वाजवला आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काँप्रेसर गया. मेरा काम कच्चा निकला. माफ करना."

"अय्यो, बिच्चारं पोरगं," गौरम्मा डोळ्याला पदर लावून म्हणाल्या. "दुसऱ्यांदा आसं. आईचंबी न्हाय, बापाचंबी न्हाय. नशीबच न्हाय की त्याचं."

तिथंच, मयतीच्या ओसरीवर, इरण्णांनी नैतिक जबाबदारीचा प्रश्न काढला. सेक्रेटरीनं जबाबदारी घ्यावी, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. गुरुशांत "घेतो" म्हणाले. त्यांनी आत जाऊन बसप्पांच्या गळ्यातला हार सारखा केला आणि पालखीला पुढून खांदा दिला. दस्तगीरभाई गल्लीच्या तोंडापर्यंत मागून चालत आला आणि तिथून टेम्पोकडे वळला.

रुद्रभूमीतून परतताना सूर्य मावळत होता. गल्लीत घराघरांतून उघड उघड फोडणीचे वास सुटले होते. लोक गुरुशांतांना बघून बोलणं थांबवत, आणि ते पुढं गेले की पुन्हा बोलू लागत. 'लस्सी' हा शब्द दोनदा कानावर आला. ते आपल्या पायरीवर पोचले तेव्हा फोन वाजला.

"काका!" गुरुराजचा आवाज चिरकत होता. "मला इरण्णाकाकांनी सांगितलं. एक फ्रीज धड सांभाळता आला नाही तुम्हाला? चार दिवस? तुम्ही तर म्हणाला होतात महिनाभर काही होत नाही!"

"चुकलं आमचं, बाबा."

"आईचं तोंड नाही बघायला मिळालं, आप्पांचंही नाही. फक्त तुमच्यामुळं. मी येतच होतो ना, काका? सांगा, येतच होतो ना मी?"

तो रडत होता. खरंच रडत होता, त्यात खोटं काही नव्हतं. गुरुशांत पायरीवर खाली बसले.

"व्हय रे," ते म्हणाले. "येतच होतास."